वळूचा मारकेपणा : पुणे परिसरातील गोपालनाच्या इतिहासातील एक प्रकरण

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) 'पोळ' या शब्दाची नोंद आहे. देवाच्या नावाने, अंगावर त्रिशूळ व चक्र यांचा डाग देऊन मोकळा सोडलेला वळू, असा त्याचा अर्थ. आज हा शब्द बोलण्यातून जवळजवळ गेला आहे आणि 'पोळा' या सणाच्या नावामुळे त्याचा घोटाळाही होतो. परंतु गोपालनाच्या इतिहासाच्या अभ्यासकाला तो फार उपयोगी आहे. वळूपासून माणसाला असलेला धोका समाजाने कोणाच्या अंगावर टाकला होता, या प्रश्नाचे एक जुने उत्तर त्या शब्दात साठवलेले आहे. तेच उत्तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुणे परिसरात कसकसे बदलत गेले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

आरंभी शब्दांविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. मराठीत गोवंशातील नराला वयानुसार व अवस्थेनुसार निरनिराळी नावे आहेत : गोऱ्हा, खोंड, बैल, वळू. यांपैकी बैल म्हणजे सामान्यतः खच्ची केलेला, औताला अथवा गाडीला जुंपलेला पशू. पैदाशीसाठी राखलेला तो वळू. इंग्रजी कागदपत्रांत हा भेद 'बुलक' आणि 'बुल' या शब्दांनी पाळलेला असतो, पण आपले भाषांतरकार पुष्कळदा दोहोंनाही 'बैल' म्हणून मोकळे होतात. शेतीविषयक जुने अहवाल मराठी भाषांतरातून वाचणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावे.

स्वभाव सांगणारे शब्दही असेच नेमके आहेत. माणसाला पाहून बिचकणारे जनावर 'बुजरे', दुसऱ्याच्या पिकात शिरण्याची खोड असलेले 'ओढाळ' आणि अंगावर धावून जाणारे 'मारके'. बुजरे आणि मारके हे दोन गुण एकच समजण्याची चूक शहरी वाचकाकडून सहज होते. सातारा, सोलापूर, सांगलीकडील खिल्लार जनावर परक्या माणसाला बुजते. त्याच्या चपळपणाचाच तो एक भाग आहे. भीतीने उधळलेल्या जनावराकडूनही माणूस जखमी होतो, हे खरे. परंतु दुग्धशाळेतील वळूचा धोका याहून वेगळ्या जातीचा आहे. तो माणसाला भीत नाही आणि धोक्याचे मूळ नेमके तेथेच आहे. ही गोष्ट पुढील विवेचनाचा कणा असल्याने येथेच सांगून ठेवली.

मृताच्या अकराव्या दिवशी वृषोत्सर्ग करण्याचा विधी धर्मशास्त्रात सांगितला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केलेल्या 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' या ग्रंथाच्या चौथ्या खंडात (१९५३) महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी त्याचा परामर्श घेतला आहे. सोडलेल्या वृषभाला कोणी जुंपावयाचे नाही, बांधावयाचे नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात पिकाच्या नुकसानीचे दंड सांगताना, दहा दिवसांच्या आतील व्यालेली गाय, वृषभ आणि देवाची जनावरे यांना दंडातून वगळले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही मोठा वळू व उत्सर्ग केलेले पशू यांना अशीच सूट आहे.

या सवलतीचा धार्मिक अर्थ पुष्कळांनी सांगितला आहे. तिचा व्यावहारिक अर्थ तितकाच स्पष्ट आहे. गावच्या गायींना नर हवा, पण तो पोसण्याचा खर्च एका कुटुंबाने का सोसावा? पोळ हा सर्वांच्या शेतात चरून सर्वांच्या गायी फळवीत असे. म्हणजे पिकाची थोडीफार हानी ही गावाने दिलेली एक प्रकारची वर्गणीच होती.

मात्र हानी पिकाची नसून माणसाच्या देहाची असेल तर काय? याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायात याविषयी दोन नियम सापडतात. 'बाजूला हो' असे ओरडून सांगणाऱ्याकडे चतुष्पादाने केलेल्या इजेचा दोष जात नाही, हा पहिला. शिंगे किंवा दाढा असलेल्या पशूच्या तावडीत सापडलेल्या माणसाला, शक्ती असूनही न सोडविणाऱ्या मालकास प्रथम साहसाचा दंड, आणि त्या माणसाने हाक मारूनही न सोडविले तर दुप्पट, हा दुसरा. कौटिल्यानेही जवळजवळ याच शब्दांत हा नियम दिला आहे. हाक ऐकून न धावणाऱ्यास दुप्पट दंड सांगणाऱ्या या शास्त्रकारांनी गोठ्याचा अनुभव जवळून घेतलेला असावा. वळूने खाली पाडलेल्या माणसाचे जगणे-मरणे बहुधा दुसरा माणूस वेळेवर पोचतो की नाही यावरच ठरते.

पश्चिम आशियातील प्राचीन कायद्यांनी याच प्रश्नाचे उत्तर वेगळ्या अंगाने दिले. हम्मुराबीच्या संहितेत रस्त्याने जाता जाता बैलाने शिंग मारून माणूस मेला तर दावा चालत नाही. परंतु जनावर मारके असल्याचे मालकाला कळविलेले असूनही त्याने शिंगे बोथट केली नसतील अथवा त्याला बांधून ठेवले नसेल, तर भरपाई द्यावी लागते. बायबलातील निर्गमाच्या पुस्तकातही मालकाला पूर्वी सूचना मिळाली होती का, हाच निर्णायक प्रश्न आहे. तेथे कसोटी ज्ञानाची आहे, आपल्याकडे मदतीची. दोन्ही ठिकाणी मालक मात्र गृहीत धरला आहे. पोळाला मालकच नसल्यामुळे त्याच्या बाबतीत हे नियम लावावयाचे कोणाला? पोळाचा धोका साऱ्या गावाचा होता, म्हणजेच जो समोर सापडेल त्याचा. २००८ साली आलेल्या उमेश कुलकर्णी यांच्या 'वळू' या चित्रपटात देवाला सोडलेल्या वळूला पकडण्यासाठी बाहेरून सरकारी अधिकारी आणावा लागतो. चित्रपट विनोदी असला तरी त्याने दाखविलेली अडचण ऐतिहासिक आहे.

एवढे असूनही गावचा वळू सरसकट मारका नसे, आणि याला कारणे होती. पहिले कारण निवडीचे. जो खोंड लहानपणापासूनच शिंगे उगारी त्याला शेतकरी शक्य तितक्या लवकर बडवून बैल करी. पैदाशीला उरत ते निदान माणसात वावरू शकणारे नर. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे असून ते दुधाशी निगडित आहे. आपल्या देशी गायी वासरू पुढ्यात असल्याखेरीज सहसा पान्हा सोडीत नाहीत. त्यामुळे गवळ्याला वासरू जवळ ठेवणे भागच असे. ते आईला ढुशा देत, चाटून घेत, इतर वासरांबरोबर झुंजत, मोठ्या गुरांच्या लाथा खात वाढे. आपण गुरू आहोत आणि माणूस हा निराळा प्राणी आहे, हे त्याला कळपातच कळून येई. अडचण वाटणाऱ्या पान्ह्याच्या या सवयीने नराच्या स्वभावाला नकळत वळण लावले, असे आम्हास वाटते.

पुण्याच्या पंचक्रोशीत ही व्यवस्था दोन बाजूंनी बदलली. एक बाजू कायद्याची. १९२६ ते १९२८ या काळात काम केलेल्या शाही कृषी आयोगाने निकृष्ट नरांमुळे गुरांची अवनती होते, हे मत ठामपणे मांडले. या आयोगाचे अध्यक्ष लॉर्ड लिनलिथगो पुढे १९३६ साली व्हाइसरॉय झाले, तेव्हा त्यांनी जातिवंत वळू गावांना दान देण्याचे आवाहन संस्थानिकांना व धनिकांना केले. तत्पूर्वीच, १९३३ साली, मुंबई प्रांतात पशुधनसुधारणेचा कायदा झाला होता. जेथे तो लागू करावा त्या भागात ठराविक वयापुढील वळू परवान्याशिवाय ठेवण्यास मनाई झाली आणि नापसंत नराचे खच्चीकरण करविण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. कायद्याचा उद्देश वंशसुधारणेचा. धोक्याचा विचार त्यामागे नव्हता. परिणामी मात्र वळूला प्रथमच कागदोपत्री धनी मिळाला.

दुसरी बाजू छावणीची व महाविद्यालयाची. गोऱ्या सैनिकांना शुद्ध दूध मिळावे म्हणून १८८९ साली अलाहाबाद येथे पहिले लष्करी दुग्धक्षेत्र निघाले आणि पुढे ही क्षेत्रे मोठ्या छावण्यांतून पसरली. पुण्याजवळ खडकी-पिंपरी भागातील लष्करी क्षेत्र हे त्यांपैकी एक. त्याच्या शेजारीच पिंपळे सौदागर हे गाव आहे. कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या खेड्याच्या पाहणीत अभ्यासासाठी घेतलेले गाव हेच होय. एका शिवाराच्या अंतरावर गोपालनाच्या दोन निराळ्या पद्धती अशा नांदत होत्या. एकीकडे शेतकऱ्याच्या दावणीला शेतीपुरते दूध देणारी गाय आणि बाजारासाठी म्हैस. दुसरीकडे आयात केलेल्या वळूंचा संकर, दुधाच्या नोंदवह्या, क्रमांकाने ओळखली जाणारी जनावरे आणि आईपासून लवकर तोडून हाताने दूध पाजलेली वासरे. लष्करी क्षेत्रांत आधी आयर्शर व नंतर फ्रीजियन रक्ताचा अवलंब झाला. १९८० च्या दशकात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने होल्स्टिन-फ्रीजियन व साहिवाल यांच्या संकरातून 'फ्रीजवाल' हा वंश सिद्ध करण्याचे काम याच क्षेत्रांवर चालले. १९७० नंतर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, जर्सी व होल्स्टिन यांच्या मेळातून 'फुले त्रिवेणी' ही संकरित गाय तयार केली. लष्करी क्षेत्रे बंद करण्याचा निर्णय २०१७ साली झाला व २०२१ च्या मार्चअखेर तो विभागच संपुष्टात आला.

संकरित गाय वासराशिवाय दूध देते. हा तिचा मोठा गुण मानला गेला आणि अर्थशास्त्रीय दृष्टीने तो आहेही. परंतु त्यामुळे नर वासराला कळपात वाढविण्याचे कारणच उरले नाही. पैदाशीसाठी निवडलेला गोऱ्हा स्वतंत्र कोठडीत, माणसाच्या हातून बादलीने दूध पीत वाढू लागला. पाश्चात्त्य देशांत दुधाळ जातीचे वळू मांसासाठी पाळलेल्या जातींच्या वळूंपेक्षा अधिक घातक असल्याचा अनुभव फार जुना आहे. त्याचे खापर बराच काळ रक्तावर फोडले जात होते. १९९० साली कॅलिफोर्नियातील प्राइस व वॉलक या संशोधकांनी हेरफर्ड या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या, शांत समजल्या जाणाऱ्या जातीच्या नरांवर प्रयोग केला. हाताने दूध पाजून एकेकटे वाढविलेले नर माणसाच्या अंगावर जाण्याचा पवित्रा अधिक घेत. गटात वाढलेल्यांची वागणूक तशी नव्हती. रक्त एकच, संगोपन भिन्न. स्वभावाचा काही अंश आनुवंशिक असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण सारा दोष जातीवर टाकणे या प्रयोगानंतर कठीण झाले आहे.

याची उपपत्ती अशी की, एकांतात वाढलेल्या नराच्या लेखी माणूस हाच त्याचा सजातीय ठरतो. लहानपणी तो माणसाला ढुशी देतो आणि पाहणाऱ्यांना ते कौतुकाचे वाटते. दोन-अडीच वर्षांचा होऊन अंगात माज आल्यावर तोच त्याला प्रतिस्पर्धी नर समजतो. मग दुसऱ्या वळूला द्यावा तसाच इशारा तो माणसाला देतो : अंग आडवे करून आपला आकार दाखवितो, मान खाली घालतो, पाठ कमानीसारखी करतो, डोळे वटारतो, खुराने माती उकरतो, डुरकतो. दुसरा वळू असता तर त्याने हे ओळखून एक तर माघार घेतली असती किंवा शिंगाला शिंग लावले असते. माणूस यांपैकी काहीच करीत नाही; तो वैरण टाकण्यासाठी पाठ फिरवितो. आजवर सौम्य होता म्हणून नावाजलेल्या वळूनेच सांभाळणाऱ्याला मारले, असे जे वारंवार ऐकू येते, त्यात आश्चर्य काहीच नाही. मारक्या म्हणून माहीत असलेल्या वळूपुढे माणूस सावध असतो.

खेड, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांतील बैलगाडा शर्यतींचा येथे ओझरता उल्लेख करावा लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंद केलेल्या व २०२३ मध्ये कायदेशीर ठरविलेल्या या शर्यतींत खच्ची न केलेले खिल्लार नरही पळतात. तेही हातानेच जोपासलेले असतात, पण वेसण, कासरा, जोडीचा दुसरा नर आणि सतत भोवती असलेली माणसे यांत ते वाढतात. एकांताचा घटक तेथे नाही. म्हणून शर्यतीतील धोका मुख्यतः वेगाचा व गर्दीचा आहे. तो दुग्धशाळेच्या कोठडीतील धोक्याशी मिसळू नये.

यानंतरचा बदल कृत्रिम रेतनाने घडविला. भारतातील पहिला प्रयोग १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपत कुमारन यांनी केला. १९४२ पासून इज्जतनगर येथे पद्धतशीर संशोधन सुरू झाले. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी ग्लिसरीनच्या साहाय्याने वीर्य गोठवून टिकविण्याची युक्ती शोधून काढली. पुणे जिल्ह्यात याचा प्रसार ज्या संस्थेने केला तिचे मूळ उरुळीकांचनला आहे. १९४६ साली महात्मा गांधींनी तेथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला व मणिभाई देसाई तेथे राहिले. त्यांनी आधी गीर गायींचा कळप जोपासला आणि १९६७ साली 'भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन', म्हणजे आजचे 'बाएफ', स्थापन केले. गायीला वळूकडे नेण्याऐवजी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रात ठेवलेली वीर्याची नळी शेतकऱ्याच्या दारात नेण्याची पद्धत या संस्थेने रुजविली.

या पद्धतीचे दुग्धोत्पादनावर झालेले परिणाम सर्वश्रुत आहेत. धोक्याच्या दृष्टीने तिचा परिणाम दुहेरी झाला, आणि त्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. गावातून वळू गेला. माजावर आलेल्या गायीमागे धावणाऱ्या नराच्या वाटेत सापडण्याचा प्रसंग गुरे राखणाऱ्या बायकामुलांवर पूर्वी येई, तो पुष्कळ कमी झाला. ही साधी गोष्ट नव्हे. परंतु वळू नाहीसा झाला नव्हता, तो एका जागी गोळा झाला होता. पूर्वी युरोपातील शेतकरी दुधाळ जातीचा वळू फार म्हातारा होऊ देत नसे, कारण वयाबरोबर तो बिघडतो हा अनुभव. आता वळूचे मोल त्याच्या मुलींच्या दुधावरून ठरू लागले, आणि त्या मुली वाढून, विऊन, त्यांचे एक वेत पूर्ण होईपर्यंत वळू पाच-सहा वर्षांचा होई. सिद्ध झालेला वळू म्हणजे पूर्ण वाढीचा वळू; होल्स्टिनच्या बाबतीत नऊशे ते हजार किलो वजनाचा. ज्या वयात त्याला पूर्वी काढून टाकीत, त्याच वयात तो अमोल ठरला. गावच्या शेतकऱ्याची जुनी चाळणीही गेली. निवड आईच्या व बहिणींच्या दुधावर होऊ लागली. शिंगे उगारणारा खोंड तेवढ्याच कारणासाठी बाद होण्याचे दिवस संपले.

वीर्य-केंद्रावर या वळूशी रोज गाठ पडते ती परिचरांची. नाकातील कडीला दोर व लांब दांडी लावून त्याला बाहेर काढावयाचे, खोड्यात उभ्या केलेल्या दुसऱ्या नरावर त्याला चढू द्यावयाचे आणि त्याच क्षणी त्याच्या खांद्याशी उभे राहून कृत्रिम योनीत वीर्य घ्यावयाचे, असे हे काम आठवड्यातून बहुधा दोनदा चालते. पशूची उत्तेजना ज्या घटकेला शिगेला पोचते, त्याच घटकेला माणसाने त्याला खेटून उभे राहावयाचे असते. एका वेळेच्या वीर्यातून शेकडो मात्रा तयार होतात, आणि प्रत्येक नळीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. वळूची आई, बाप, आईचे दूध, मुलींचे दूध हे सारे वंशपत्रकात सापडते. त्या पत्रकात स्वभावाचा रकाना असलाच तर तो मुलींच्या दोहनातील शांतपणासाठी असतो. संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने येथून पुढे वंशपत्रकांपेक्षा हजेरीपट, दवाखान्याच्या नोंदी आणि भरपाईचे दावे यांकडे वळावे. वळूचा इतिहास दुधाच्या नोंदवहीत आहे, त्याला सांभाळणाऱ्याचा तेथे नाही.

नर वासरांची एक बाजू अजून राहिली. संकरित खोंडाला वशिंड नावापुरते असते, ऊन सोसत नाही, जू नीट बसत नाही. शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही. २०१५ च्या मार्चपासून राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आली, तेव्हा त्याला विकण्याची ती वाटही मिटली. असे नर रस्त्यावर येतात आणि पुन्हा एकदा बिनधन्याचे वळू गावाशहरांतून फिरताना दिसतात, फरक एवढाच की त्यांच्या अंगावर त्रिशूळ व चक्र यांचा डाग नसतो. केवळ मादी वासरे देणारे लिंगनिर्धारित वीर्य वापरात येऊ लागल्याने ही संख्या पुढे घटेल अशी अपेक्षा आहे.

कायद्याकडे अखेरचे वळून पाहू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील २८९ व्या कलमाने, ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला संभवणारा धोका टाळण्याची पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात तोच नियम दंडाची मर्यादा पाच हजारांवर नेऊन ठेवला आहे. येथे विचार आहे तो ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याचा, आणि वीर्य-केंद्रावर किंवा मोठ्या गोठ्यात जनावर प्रत्यक्ष ताब्यात असते ते परिचराच्याच. याज्ञवल्क्याने ज्याला हाक ऐकून धावावयास लावले तो मालक तेथे एक खाते किंवा एक संस्था असते. परिचराच्या बाजूने उभा राहणारा कायदा निराळा होता, १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात भरपाईस पात्र अशा धंद्यांची यादी होती. हत्ती किंवा वन्य पशू यांना शिकविणारे व सांभाळणारे तीत होते. वळू हाताळणारा मात्र त्यांच्या शेजारी नव्हता. वाढत गेलेल्या त्या यादीत तो बराच खाली, घोडे व खेचरे हाताळणाऱ्यांच्या बरोबरीने, विषासाठी साप हाताळणाऱ्यांच्या जवळपास आला.